बिनफायद्याचे तास

वैशाखात नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरमध्ये धावायचे तर पहाटेच निघावे लागते, कारण आठ वाजले की डांबर तापू लागते. त्या पहाटेच्या तासात रस्त्याच्या कडेने धावणारी जी तरुण मुले-मुली दिसतात, ती बहुतेक भरतीची तयारी करणारी असतात. एकाच्या हातात मोबाइलवर लावलेले घड्याळ, बाकीचे चौघे-पाच जण त्याच्याकडे डोळे लावून, टाचेशी झिजलेले बूट आणि तोंडी सेकंदांचा हिशेब. महाराष्ट्र पोलीस भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची असते. त्यांतले २० गुण मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावण्याचे, उरलेले १०० मीटर धाव आणि गोळाफेकीचे. दोन-चार सेकंद इकडचे तिकडे झाले की गुण घसरतात आणि त्या गुणांवर घराचे पुढचे दिवस टांगलेले असतात. या धावण्यात कमी लेखण्यासारखे काहीही नाही. पावसाच्या भरवशावर शेती करणाऱ्या गावांतून पगाराच्या नोकरीसाठी घाम गाळणाऱ्या मुलांविषयी आदरच वाटायला हवा. तरी या धावण्याचे पुढे काय होते हेही पाहायला हवे. निवड झाली की धावणे थांबते. निवड झाली नाही आणि खुल्या प्रवर्गाची २८ वर्षांची मर्यादा ओलांडली, तरीही ते थांबते. पाय तेच असतात, पहाटही तीच असते. धावण्याचे कारण मात्र संपलेले असते.

वाचनाची गतही निराळी नाही. तालुक्याच्या गावात आज सर्वांत गजबजलेली जागा कुठली, तर अभ्यासिका. तिथे मुले दहा-दहा तास मान वर न करता वाचतात, पण वाचतात ती स्पर्धा परीक्षेची पुस्तके. परीक्षा सुटली की पुस्तकेही सुटतात. क्रिकेट पाहण्याचेही तेच झाले. गेली काही वर्षे आयपीएलचा सामना म्हणजे अनेक मुलांच्या लेखी मोबाइलवर पैसे लावून संघ बनवण्याचा धंदा होता. खेळाडूने मारलेला फटका सुंदर होता की नाही, यापेक्षा त्याचे गुण आपल्या खात्यात जमा झाले की नाही हे मोठे ठरले. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांवर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने केला, यावरूनच हे लोण किती पसरले होते ते कळते. धावणे, वाचणे आणि खेळ पाहणे या तिन्ही गोष्टी आपण अशा रीतीने फायद्याच्या दावणीला बांधल्या आहेत. मग एखादी व्यक्ती उन्हाळाभर पहाटे धावते, जिथे आपण दोनशेवे येणार हे ठाऊक आहे अशा शर्यतीला पदरचे पैसे भरून जाते, दुपारी कादंबरी वाचते आणि संध्याकाळी एखाद्या संघाच्या जयपराजयाचा मागोवा घेते, तेव्हा आजूबाजूचे विचारतात: यातून मिळाले काय? हा प्रश्न चुकीचा आहे आणि ज्या तासांबद्दल तो विचारला जातो, ते माणसाच्या नैतिक जीवनाचा मोठा आधार आहेत, असे मला ठामपणे वाटते.

आधी धावण्याचेच घेऊ. भरतीच्या मैदानावर शेजारच्याचा एक सेकंद आपल्या मुळावर येतो, कारण जागा मोजक्या असतात. २१ किलोमीटरच्या अर्धमॅरेथॉनमध्ये हजारो लोक उतरतात आणि मूठभर वगळता कोणालाच जिंकायचे नसते. शेजारचा पुढे गेला म्हणून आपले काहीच कमी होत नाही. उलट अठराव्या किलोमीटरला अनोळखी माणूस ‘चला, थोडंच राहिलं’ म्हणतो, त्या शब्दावर पुढची चढण निघते. दुसऱ्याचे यश सोसण्याची सवय लागणे ही साधी गोष्ट नाही. एरवी आपले सगळे शिक्षण तिच्या उलट दिशेने चाललेले असते. दुसरी गोष्ट प्रामाणिकपणाची. भरतीत धाव मोजायला अधिकारी असतो. हौशी धावपटूने सरावात अर्धा किलोमीटर चोरला तर ते कोणालाही कळत नाही आणि कोणाचे बिघडतही नाही. तरीही तो पूर्ण अंतर धावून येतो. पाहणारा कोणी नसताना नीट वागणे यालाच आपण चारित्र्य म्हणतो आणि त्याचा रोजचा सराव इथे होतो. रॉजर बॅनिस्टरने ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डला एक मैल ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत पार केला, तेव्हा तो वैद्यकीचा विद्यार्थी होता. त्याच वर्षी त्याने शर्यती सोडल्या आणि पुढचे आयुष्य मज्जासंस्थेच्या आजारांवर उपचार करण्यात घालवले. चार मिनिटांची भिंत फोडणारा माणूस धावण्यावर पोट भरत नव्हता, ही गोष्ट आज सांगितली तरी पटकन पटत नाही.

वाचनाकडे वळल्यावर हाच विचार अधिक खोल जातो. परीक्षेच्या वाचनात चार पर्यायांतला एक बरोबर असतो आणि उरलेले तीन विसरायचे असतात. कादंबरी वाचताना मात्र चुकलेल्या माणसाचीही बाजू शेवटपर्यंत ऐकावी लागते आणि शेवटी उत्तरतालिका मिळत नाही. गावातल्या भाऊबंदकीत, बांधाच्या भांडणात, सासू-सुनेच्या कुरबुरीत आपल्याला रोज लागते ते हेच दुसऱ्या प्रकारचे वाचन. आपला जिल्हा या बाबतीत दरिद्री नाही. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाची स्थापना १८४० सालची आहे. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत लिहिली. सोबतच्या कैद्यांना रात्री सांगितलेल्या आठवणींतून ते पुस्तक उभे राहिले. ते ऐकणाऱ्यांना त्यातून कुठलेही प्रमाणपत्र मिळायचे नव्हते. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमाने पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या वस्तीपर्यंत नेल्या, त्याही परीक्षेसाठी नव्हेत. नाशिकपासून तासाभराच्या अंतरावरील गावात वाचन म्हणजे फक्त अभ्यास उरावा, हे मला खरोखर दुःखाचे वाटते.

खेळ पाहण्याबद्दल लोक अधिक कठोर असतात. धावणे निदान अंगाला लागते, दुसऱ्याचा खेळ पाहून काय होते, असे विचारले जाते. अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी मुलांपैकी काहींना बेसबॉलचे वेड लागते आणि इकडच्या आजी-आजोबांना त्यात काय ठेवले आहे ते कळत नाही. त्या खेळाचा हंगाम मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत चालतो आणि प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो, म्हणजे जवळजवळ रोज एक. उत्तम फलंदाजही दहापैकी सात वेळा बाद होतो. २००१ साली सिॲटल मरिनर्स या संघाने ११६ सामने जिंकले, तरी अंतिम मालिकेपर्यंत तो पोहोचू शकला नाही. इतका लांब हंगाम मनापासून पाहणारा माणूस हार पचवायला शिकतो आणि एका दिवसाच्या निकालावरून कोणाची किंमत ठरवत नाही. आपल्याकडे हे शिक्षण रणजी सामन्यांत मिळते; नाशिकच्या अनंत कान्हेरे मैदानावर महाराष्ट्राचा चार दिवसांचा सामना असतो, तेव्हा तिथे बसलेल्या थोड्या लोकांकडे पाहावे. आणि आकड्यालाच सर्वस्व मानले की खेळाचे काय होते, याचाही दाखला आपल्याच इतिहासात आहे. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध ४४३ धावांवर नाबाद होते. ब्रॅडमनचा ४५२ धावांचा विक्रम नऊ धावांवर आला होता. तो विक्रम आपल्या संघाविरुद्ध नोंदला जाऊ नये म्हणून काठियावाडच्या कर्णधाराने सामनाच सोडून दिला. पुस्तकातल्या एका ओळीच्या धास्तीने समोरचा सोन्यासारखा खेळ मोडला गेला.

या सगळ्यावर सर्वांत जड आक्षेप असा की हे भरल्या पोटाचे तत्त्वज्ञान आहे. सिन्नर हे विड्यांचे गाव. सुपात तेंदूची पाने घेऊन बसायचे, पान मापात कातरायचे, तंबाखू भरून वळायचे, दोऱ्याने बांधायचे आणि मजुरी हजाराच्या हिशेबाने घ्यायची. अशा विड्या वळणाऱ्या बाईने तासभर पुस्तक हाती घेतले तर तेवढ्या विड्या कमी होतात. तिला बिनफायद्याच्या तासाचे महत्त्व काय सांगणार? हा आक्षेप मला मान्य आहे, आणि इतिहास त्याला आणखी धार लावतो. इंग्लंडमधल्या हेन्लेच्या नौकास्पर्धेने १८७९ मध्ये हौशी खेळाडूची व्याख्या करताना कारागीर आणि मजुरांना सरळ बाहेर ठेवले. जिम थॉर्प हा अमेरिकेच्या मूळनिवासी जमातीतला खेळाडू १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदके जिंकला. त्याने पूर्वी थोड्याशा पैशांसाठी बेसबॉल खेळला होता एवढ्यावरून पुढच्याच वर्षी ती काढून घेतली गेली. त्या दोन्ही स्पर्धांचा एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव परत लागायला २०२२ साल उजाडावे लागले. हौसेच्या नावाखाली गरिबाला हाकलून लावणारी ही परंपरा निंद्यच होती. म्हणूनच पैसे घेतल्याने खेळ विटाळतो असे मी म्हणत नाही. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. तिच्यासारखीला नोकरी आणि बक्षीस मिळणे हा तिचा हक्क आहे.

पण या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. कष्टकऱ्याला फुरसत मिळत नाही याचा अर्थ त्याला ती नको असा होत नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षे झगडा दिला आणि १० जून १८९० पासून ती सुटी सुरू झाली. कामगाराने सहा दिवस मालकासाठी राबावे आणि एक दिवस स्वतःचा व समाजाचा असावा, ही त्यामागची भूमिका होती. आणि ज्यांच्या हाताला विसावा नाही, तेच लोक काय करतात ते पाहायला सिन्नरकरांना लांब जावे लागत नाही. ज्येष्ठात त्र्यंबकेश्वरहून निघालेली निवृत्तीनाथांची पालखी या तालुक्यातून जाते आणि दातलीला रिंगण होते. आधी अश्व धावतो, मग पताका खांद्यावर घेतलेले, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका, गळ्यात पखवाज अडकवलेले वादक धावतात. अश्वाच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. इथे कोणी पहिले येत नाही, वेळ कोणी नोंदवत नाही. धावणाऱ्यांत अल्पभूधारक असतात, मजूर असतात, साठी उलटलेल्या बायका असतात. वारी ही भक्ती आहे, करमणूक नव्हे, हे खरे; पण फायद्यावाचून धावण्याची भूक केवळ सुखवस्तू माणसाला असते, हे म्हणणे दातलीच्या मैदानावर टिकत नाही.

उलट, ज्यांना फायद्यासाठीच धावावे लागते त्यांच्याकडे पाहून आपण टाळ्या वाजवतो, याची टोचणी मला अधिक आहे. लता भगवान करे या साठी ओलांडलेल्या बाई नवऱ्याच्या तपासणीला पैसे हवेत म्हणून बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये नऊवारी नेसून धावल्या आणि जिंकल्या. त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्याला राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला. त्यांच्या जिद्दीला नमस्कारच. पण वृद्ध स्त्रीला नवऱ्याच्या उपचारासाठी शर्यत जिंकावी लागते, ही गोष्ट प्रेरणादायी म्हणून सांगताना आपली जीभ अडखळायला हवी. आणखी एक हिशेब घराघरात मांडण्यासारखा आहे. पहाटे धावून येणाऱ्या पुरुषाचा डबा कोण भरते? त्याच्या मोकळ्या तासाखाली दुसऱ्या कोणाचा तास गाडलेला असेल, तर त्या फुरसतीला नैतिक म्हणता येणार नाही. हौशी माणसाने आपल्या हौसेची ही किंमत आधी तपासावी आणि घरातल्या बाईच्या वाट्याला तेवढाच वेळ येईल अशी सोय स्वतःच्या हाताने करावी.

इथे एक मोह टाळायला हवा. या तासांची बाजू घेताना आपण चटकन सांगू लागतो की धावल्याने रक्तदाब आटोक्यात राहतो, वाचनाने मुलांचे गुण वाढतात, खेळाने पुढारीपण येते. यातले बरेच खरे असेलही. पण त्या युक्तिवादाने आपण पुन्हा त्याच दावणीला जाऊन बसतो; उद्या रक्तदाबाला स्वस्त गोळी मिळाली तर धावणे सोडून द्यायचे का? आईजवळ बसायला, मित्राशी बोलायला आपण फायदा मोजत नाही, आणि ज्यांनी मोजला त्यांच्याविषयी आपले मत काय होते तेही आपल्याला माहीत आहे. काही गोष्टी करण्यातच पूर्ण होतात. त्यांना वेळ देणे म्हणजे आपण फक्त कमावण्यापुरते जन्मलो नाही, हे कृतीने मान्य करणे.

म्हणून हा प्रश्न सिन्नरपुरता तरी अगदी व्यवहाराचा आहे. माळेगाव आणि मुसळगावच्या औद्योगिक वसाहतींतले हजारो कामगार पाळ्यांमध्ये राबतात. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाच्या कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. कामगाराची संमती लागेल, जादा कामाचा मोबदला मिळेल, असे सांगितले जाते. मोबदल्याची चर्चा होईल आणि ती व्हावीच. पण बारा तास काम, त्यावर जाण्या-येण्याचा वेळ, झोप आणि जेवण वजा केल्यावर त्या माणसाच्या हाती काय उरते, हे कामगार संघटनांनी, मालकांनी आणि तालुक्यातल्या लोकप्रतिनिधींनी तेवढ्याच गांभीर्याने मांडले पाहिजे. ज्या बैठकीत ते मांडले जाईल, त्याच बैठकीत मुलींना अंधार पडल्यावरही धावता येईल असे दिव्यांचे मैदान आणि पाळी सुटल्यानंतरही उघडे असणारे वाचनालय, या दोन मागण्या विषयपत्रिकेवर याव्यात.