सुरकुतीवर हक्क कोणाचा?

तैलरंगात जवसाचं तेल असतं. ते पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेत हळूहळू सुकतं. म्हणून खालचा थर पातळ, वरचा तेलकट, आणि घाई नाही. कल्याणकडच्या माझ्यासारख्या भातवाल्याला साठीनंतर डोंबिवलीच्या क्लासात हे लगेच पटलं.

अडलं ते दुसरीकडेच. आईचं चित्र घेतलं, तर ती म्हणाली, "सुरकुत्या कशाला रे काढतोस? फोटोवाला तरी पुसून देतो."

आमच्याकडे हार घातलेल्या फोटोंत सगळेच गुळगुळीत. जन्मभर चिखलात लावणी केली, पण एकाच्याही तोंडावर ती दिसत नाही. सुरकुती पुसली की कष्टही पुसले. पण चेहरा तर तिचा! मग हक्क कोणाचा?

वासुदेव कामतांना २००६ साली अमेरिकेतलं ड्रेपर ग्रँड प्राइझ मिळालं ते पत्नीच्या व्यक्तिचित्राला. घरच्या माणसाला आपण रोज बघतो, पण नीट बघतो का?

डोळे किलकिले केले की बारीक रेघा जातात, उजेड-सावलीचे मोठे भाग उरतात. माणूस ओळखू येतं ते त्यातच. सुरकुत्या मोजत बसणं म्हणजे खरेपणा नव्हे, पुसणं म्हणजे मान नव्हे. खोटं काढू नये, आणि माणसाला चारचौघांत उघडंही पाडू नये.