तिला कुठली कादंबरी द्यावी?

मित्रांनो, चळवळीच्या अंकात प्रेमाच्या कादंबरीवर लिहितोय म्हणून हसू नका. हसणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या उशाखाली तसली एखादी असते, मला ठाऊक आहे.

जिच्यावर माझा जीव आहे तिला मी पहिलं पुस्तक दिलं ते ना. सी. फडक्यांचं. रद्दीवाल्याकडून घेतलेलं, गिरणीच्या पगारातून. आठ दिवसांनी तिनं ते परत आणलं. म्हणाली, "गोष्ट छान आहे रे. पण ही पोरगी दुपारभर प्रेम करते तेव्हा हिच्या घरची धुणीभांडी कोण करतं?" तिची आई तेच काम करते. मी गप्प. मग म्हणाली, "खरं सांग, पुस्तक दिलंस, का मी कशी असावी ते सांगितलंस?"

हा सवाल मला लागला. १९२७ साली महाडला मनुस्मृती जाळली हे आपण छाती फुगवून सांगतो. आणि बाईनं कसं चालावं, कसं लाजावं, कुणासाठी झुरावं याचे नियम गुलाबी कव्हरात घालून तिच्या हातात ठेवतो. मग आपल्यातला मनू जळला कुठं?

एक कार्यकर्ता म्हणाला, "कादंबऱ्या फेकून दे. तिला बाबासाहेब वाचायला दे." अरे, १९३६ च्या त्या न झालेल्या लाहोरच्या भाषणात बाबासाहेबांनीच सांगितलं ना, जात मोडायचा खरा उपाय आंतरजातीय लग्न? कुणी कुणावर प्रेम करायचं हे जातच ठरवते. म्हणजे प्रेम हा फावल्या वेळेचा चाळा नाय. तो आपल्या लढ्यातलाच प्रश्न आहे.

म्हणून दुसऱ्या खेपेला मी अण्णा भाऊ साठ्यांची 'वैजयंता' दिली. तमाशातल्या बाईची कहाणी, आपल्या माणसानं लिहिलेली. अण्णा भाऊंनीही गिरणीत घाम गाळलेला. वाटलं, आता चुकलो नाही. पण देताना तासभर भाषण ठोकलं आणि महत्त्वाच्या जागी लाल पेन्सिलीनं खुणा केल्या. ती म्हणाली, "मी कुठं रडायचं तेही तूच ठरवलंस."

पुस्तक बदललं होतं, देणारा तोच राहिला होता.

तेव्हा मला रमाई आठवल्या. आमच्याच जिल्ह्यातल्या, दापोलीजवळच्या वणंदच्या. बाबासाहेबांनी पाकिस्तानवरचं आपलं पुस्तक रामूच्या स्मृतीला अर्पण केलं. रमाई तर १९३५ सालीच गेल्या होत्या. त्या अर्पणपत्रिकेत उपदेश नाही. तिच्या मनाचा मोठेपणा आहे, आणि कुणी साथीला नव्हतं त्या ओढगस्तीच्या दिवसांत तिनं बरोबरीनं सोसलं याची कबुली आहे. एवढा विद्वान माणूस, पण तिथं तो शिकवत नाही. देणं मान्य करतो. आणि ते वाचायला ती नाही. मला तर आज समोर बसलेल्या माणसाला विचारता येतं, "तुला काय वाचायचंय?" आणि तेवढंच मी विचारलं नव्हतं.

मग विचारलं. रत्नागिरीच्या नगर वाचनालयाची वर्गणी तिच्या नावानं भरली. हे वाचनालय १८२८ सालचं. तेव्हा आमच्या खापरपणज्याला त्या पायरीवर कुणी उभं केलं असतं काय? ती पायरी चढून ती आत गेली. मी बाहेर थांबलो. आत गेलो असतो तर बोट दाखवल्याशिवाय राहिलो नसतो.

तासाभरानं ती श्री. ना. पेंडशांची 'गारंबीचा बापू' घेऊन आली. १९५२ सालची. पेंडसे मुर्डीचे, म्हणजे वणंदच्याच दापोली तालुक्यातले. मी तोंड उघडलं, "अगं, पण ही तर..."

"आधी वाचू दे," ती म्हणाली.

वाचून झाल्यावर तिनं ती माझ्याकडे दिली. "राधेबद्दल मला तुझ्याशी भांडायचंय. आता तू वाच. खुणा केल्या नायत."

रातपाळीहून आल्यावर वाचतोय. अर्धी झालीय. भांडण व्हायचंय अजून.

जय भीम.