गाविलगडाला किती गुण?

गाविलगड काढायला अवघड, तपासायला त्याहून अवघड. चिखलदऱ्याच्या पठाराकडून जमिनीचा एक चिंचोळा दांडा किल्ल्याला जाऊन भिडतो. बाकी बाजूंना कडे तुटलेले. डिसेंबर 1803 मध्ये आर्थर वेलस्लीच्या फौजेने किल्ला घेतला, तो या उत्तरेच्या बाजूनेच. कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने डोंगरातून तोफा ओढत आणल्या आणि बाहेरच्या तटाला खिंडार पाडलं. आतला तट दरीपलीकडे. तिथे शिड्या लावून चढावं लागलं. इथे तट कुठे वळेल हे डोंगरानेच ठरवलेलं आहे, आणि ते ज्याने पाहिलं त्याच्या रेषेत ते उतरतंच.

आता निसर्गचित्रणाच्या सहलीहून आलेले दोन कागद समोर आहेत असं धरा. एकात जलरंगाचा हात सुरेख, मागचे डोंगर निळसर, पुढे एक वाळकं झाड (महाराष्ट्रातल्या प्रत्येक निसर्गचित्रात हे झाड कुठून उगवतं कोण जाणे), पण तट असा की वर्ध्याच्या सपाटीवरही खपला असता. दुसऱ्यात खोडाखोड, बुरुज कललेला, छटा मळलेल्या. मात्र तट उताराबरोबर कसा खाली जातो आणि दांडा नेमका कुठे भिडतो, ते चोख. फरशीवर कागदांच्या रांगा, बाहेरून आलेल्या परीक्षकांना परतीची गाडी गाठायची. पहिल्याला 65, दुसऱ्याला 42. यात फारसं कुणाला खटकत नाही, हेच मला खटकतं.

दोष एकट्या परीक्षकाचा नाही. 1857 मध्ये मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. पुढे तिथल्या शिकवण्यावर लंडनच्या साऊथ केन्सिंग्टनमधल्या कलाशिक्षणाची छाप पडली: भूमितीचे ठोकळे, प्लास्टरचे नमुने, ठरलेल्या पायऱ्या. कारागिराचा हात नेमका व्हावा हा हेतू, आणि तपासणीही सोपी. नमुना शेजारी ठेवला की झालं. आपल्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा त्याच घराण्यातल्या. इंटरमिजिएटच्या अ श्रेणीचे 7 गुण दहावीला मिळू लागल्यावर तर स्मरणचित्रही पाठ होऊ लागलं. भाजीबाजार, बसथांबा, पतंग उडवणारी पोरं, सगळं क्लासमध्ये गिरवून तयार. हाच सराईत हात पुढे पदवीच्या वर्गात येतो आणि तिथेही गुण मिळवतो.

उपाय म्हणून तोंडी परीक्षा सुचवली जाते. विद्यार्थ्याने आपलं चित्र समजावून सांगावं. पण मग बोलका पोरगा बाजी मारणार, आणि धारणीकडच्या कोरकू घरातली, चार माणसांत मराठी बोलताना अडखळणारी मुलगी चित्र चांगलं असूनही मागे पडणार. चित्राची परीक्षा चित्रानेच घ्यावी. संध्याकाळी मुक्कामी परतल्यावर मूळ कागद काढून घ्यावेत आणि सांगावं: आता हाच किल्ला वरून, घारीला दिसेल तसा काढा. अर्धा तास, साधी पेन्सिल. वाळक्या झाडाच्या आड लपलेला इथे उघडा पडतो, आणि कललेल्या बुरुजाच्या मुलीला दांडा कुठे आहे ते ठाऊक असतं. हे खरं स्मरणचित्र. सोबत कच्चे कागदही मागवावेत. काय खोडलं आणि का, ते त्यांत दिसतं.

रंग कुणाचा गोड यावर दोन परीक्षक दिवसभर भांडतील. तट जमिनीवर बसला की नाही यावर सहसा भांडत नाहीत. म्हणून अभ्यासचित्रापुरती तरी ही कसोटी मला न्यायाची वाटते.

अभ्यासचित्राच्या पलीकडे ती लंगडी पडते, हे कबूल. पावसाळ्यात चिखलदऱ्यात धुकं असं उतरतं की किल्लाच नाहीसा होतो. एखाद्याने तेव्हा नुसता करडा कागद आणून ठेवला तर? माझ्या एका चित्रकार मित्राच्या मते तो कागदच पुरेसा, पाहणाऱ्याची नजर हवी. मी त्या मुलाकडे त्याच सकाळचे आणखी कागद मागेन. पाच-सहा निघाले आणि प्रत्येकात करडा वेगळा असला, तर भरघोस गुण देईन. एकच निघाला तर नापास. मित्र याला कारकुनी म्हणतो.