शस्त्रवैद्याची खतावणी

वाण्याची वही दिवाळीला मिटते आणि नफातोटा डोळ्यांसमोर उभा राहतो. शस्त्रवैद्याचा हिशेब मात्र बहुधा रुग्णालयाच्या दारापाशींच संपतो. टांके निघाले, रोगी चालत घरीं गेला, कीं काम फत्ते! वर्षानें त्या रोग्याचा खांदा पूर्ववत् हलतो कीं नाहीं, हें कोण विचारतो? आपण वीस वर्षांच्या अनुभवाचा गौरव करतों. पण ज्या कर्माचें फळ कर्त्यानें पाहिलेंच नाहीं, त्यास अनुभव हें नांव शोभेल काय?

बोस्टन येथील शस्त्रवैद्य अर्नेस्ट कॉडमन यास हा प्रश्न स्वस्थ बसूं देईना. प्रत्येक रोग्याची वर्षानंतर चौकशी व्हावी, गुण आला नसल्यास त्याचें कारण लिहून ठेवावें, आणि बढती ज्येष्ठतेवर न देतां या फलांवर द्यावी, असा त्याचा आग्रह होता. ज्येष्ठांस तो रुचणें शक्यच नव्हतें. १९१४ सालीं त्यानें मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयाचा राजीनामा दिला. पुढल्याच वर्षीं भर सभेंत एक व्यंगचित्र उघडलें. त्यांत शहरांतील श्रीमंत वस्ती म्हणजे वाळूंत डोकें खुपसून डॉक्टरांकडे सोन्याचीं अंडीं लोटणारा शहामृग होता. विनोद बोचरा, आणि माझ्या मतें अनावश्यकही. त्यानें शत्रु वाढले, वह्या वाढल्या नाहींत. त्याची स्वतःची वही मात्र पाहण्याजोगी आहे. आपल्या खासगी रुग्णालयांतील १९११ ते १९१६ या काळांतल्या ३३७ रोग्यांची हकीकत छापतांना त्यानें १२३ चुका नोंदविल्या. आणि कौशल्य कमी पडलें, निर्णय चुकला, निदान चुकलें, कीं शुश्रूषा वा साधनें अपुरीं ठरलीं, अशी त्यांची वर्गवारी केली. रोगाचें असाध्यत्व आणि हाताचा दोष या दोन गोष्टी त्यानें एका रकान्यांत कोंबल्या नाहींत.

त्याच्याच आग्रहांतून पुढें अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स या संस्थेनें रुग्णालयांची तपासणी हातीं घेतली. मोठीं अशीं ६९२ रुग्णालयें पाहिलीं, तों किमान कसोटीस ८९ उतरलीं! १९१९ सालीं हे आंकडे जाहीर झाले, पण नांवांची यादी न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-ॲस्टोरिया हॉटेलच्या भट्टींत जाळण्यांत आली. सरासरी सत्य सर्वांस मानवतें. नांवनिशीवार सत्याची धग सोसत नाहीं.

तथापि उलट बाजूचा आक्षेप पोकळ नाहीं. फलें उघड झालीं तर सावध शस्त्रवैद्य मरणासन्न रोग्यास हातच लावणार नाहीं, आणि ज्याची गरज अधिक त्यालाच दार बंद होईल. न्यूयॉर्क राज्यानें १९९० च्या सुमारास हृदयशस्त्रक्रियेंतील मृत्युसंख्या प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, तेव्हां रोग्याची मूळ अवस्था हिशेबांत धरलेली असूनही हीच भीति व्यक्त झाली. म्हणून नांवें बाजारांत मांडावीं कीं नाहीं याविषयीं मी साशंक आहें. परंतु समव्यवसायी मंडळीपुढें वही उघडण्यास हा आक्षेप आड येतो कसा?

आपल्या महाराष्ट्रांत नोंदणीच्या नूतनीकरणासाठीं डॉक्टरांस ५ वर्षांत ३० श्रेयांक मिळवावे लागतात. ते बहुतांशीं परिषदा व व्याख्यानें यांतून मिळतात. व्याख्यानें ऐकणें व्यर्थ, असें मी कसें म्हणूं? माझें पोटच त्यांवर चालतें. पण तीं ऐकून घरीं गेलेल्या डॉक्टरच्या हातून कोणाचा खांदा हलूं लागला, हें श्रेयांकांच्या पत्रकांत येत नाहीं. तें जाणावयाचें तर वर्षापूर्वीच्या रोग्यास पत्र धाडावें लागतें, आणि उत्तर येईल तें वाचावें लागतें.