सावली जिथं, खेळ तिथं

बासरला सगळ्यात जास्त फोटो निघतात ते अक्षराभ्यासाचे. गोदावरीकाठच्या ज्ञानसरस्वतीपुढं आईच्या नाहीतर बापाच्या मांडीवर बसलेलं लेकरू, पुढ्यात कोरी पाटी, पेन्सिल धरलेल्या इवल्या मुठीवर गुरुजींचा हात. नांदेड-परभणीकडची माणसं रेल्वेनं लेकरं घेऊन येतात. हा फोटो पुढं घराच्या भिंतीवर लागतो, आणि तो लागायलाच हवा. पण देवळाच्या पायऱ्या उतरून फुलं, हळद, पाट्या विकणाऱ्या दुकानांच्या मागं गेलं की गावातली पोरं खेळत असतात. त्यांचे फोटो फारसं कुणी काढत नाही. काढलेच तर बाहेरगावचा कॅमेरेवाला काढतो, आणि हल्ली ते हटकून कृष्णधवल करतो.

त्या फोटोंविषयी मला काही म्हणायचं आहे. उन्हाळ्यातला खेळ कृष्णधवल फोटोत जितका खरा उतरतो तितका रंगीत फोटोत क्वचितच उतरतो. आणि त्याच फोटोत तो सगळ्यात लवकर खोटाही पडतो.

आधी ऊन पाहू. बासर तेलंगणातलं, जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातलं, २०१६ पासून निर्मल जिल्ह्यातलं गाव. शेजारची मुधोळ, भैंसा ही मंडळं १९५६ पर्यंत नांदेड जिल्ह्यात होती. त्यामुळं इथली पोरं खेळताना तेलुगूत ओरडतात आणि मराठीत भांडतात, किंवा त्याच्या उलट. उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो. मेच्या मध्यावर सूर्य इथं बरोबर डोक्यावर येतो. दुपारी सव्वाबाराच्या सुमाराला उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच मुरते. तिथून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीची सावली दक्षिणेला पडते, आणि एरवी थंड असणारी उत्तरेकडची ओसरी तापू लागते. पोरांना हे भूगोलाच्या पुस्तकातून कळत नाही, तळपायांना कळतं. सकाळी खेळ भिंतीच्या पश्चिमेला, उन्हं कलली की पूर्वेला, मधल्या वेळी लिंबाच्या झाडाखाली नाहीतर रेल्वे फलाटाच्या छपराखाली. मोठ्यांना मैदान म्हणजे मोकळी जागा वाटते. मे महिन्यातल्या पोरांचं मैदान म्हणजे सावली, आणि ते दर तासाला जागा बदलतं.

एका भिंतीच्या कडेला मी एका मुलीला विटेच्या तुकड्यानं ठिकरीची घरं आखताना पाहिलं. सकाळचे साडेनऊ-दहा झाले असतील. सावलीचा पट्टा चिंचोळा होता, म्हणून तिनं जोडघरं काढलीच नाहीत, सगळी एकाखाली एक, आगगाडीच्या डब्यांसारखी. थोड्या वेळानं पट्टा आणखी आक्रसला आणि घरांची बाहेरची बाजू उन्हात गेली. खेळ थांबला नाही, नियम बदलला. आता पाय भिंतीकडच्या अर्ध्या घरातच पडला पाहिजे. हा नियम कुणी मोठ्यानं सांगितला नव्हता, पण सगळ्याजणी तसंच लंगडत होत्या.

याचा रंगीत फोटो काढला तर डोळा आधी तिच्या पिवळ्याधमक फ्रॉककडं जाईल, मग मागच्या निळ्या प्लास्टिकच्या ताडपत्रीकडं. कृष्णधवल फोटोत डोळा सावलीच्या कडेवर जातो, म्हणजे जिथं खेळ खरोखर चालला आहे तिथं. रंग काढून टाकले की ऊन आणि सावली हीच दोन पात्रं उरतात, आणि तो खेळ या दोघांच्या मधल्या रेषेवरच चाललेला असतो.

छायाचित्रकार रघुबीर सिंग यांना हे पटलं नसतं. १९९८ साली आलेल्या ‘रिव्हर ऑफ कलर’ या पुस्तकात त्यांनी मांडणी केली की भारतीय नजर रंगातच पाहते. कृष्णधवल छायाचित्रणातली उदासी आणि एकटेपण पाश्चात्त्य आधुनिकतेतून आलेलं आहे, ते आपलं नव्हे. या माणसाविषयी मला अपार आदर आहे, आणि हळदीनं माखलेल्या बासरच्या देवीसमोर उभं राहिलं की त्यांचं म्हणणं नाकारणं अवघड जातं. देवळात, बाजारात, लग्नात मी त्यांच्या बाजूला आहे. पण भर उन्हात रंग स्वतःच मावळतात. साडेअकराच्या उन्हात वाळू, भिंत, आकाश सगळं एकाच फिकट पांढरेपणाकडं सरकतं, डोळे बारीक होतात, आणि दिसते ती फक्त सावली. तेव्हा कृष्णधवल ही परकी शैली उरत नाही. डोळ्यांना दिसलेलंच कागदावर येतं.

फक्त ते नीट काढलं पाहिजे, आणि इथं तंत्राचा प्रश्न माणुसकीचा होऊन बसतो. उघड्या वाळूवरचा उजेड आणि भिंतीआडच्या सावलीतला उजेड यांत आठ ते सोळा पटींचा फरक असतो. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं मधल्या करड्या छटेत बसवू पाहतं. चौकटीत वाळू जास्त असली की ते वाळूला सांभाळतं आणि सावलीतल्या पोराचा सावळा चेहरा काळा डाग होतो. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक काचा तर लाल रंगाला आंधळ्या होत्या, त्यामुळं आपल्याकडचे चेहरे आहेत त्याहून काळे उमटत. १९२० च्या दशकात पॅन्क्रोमॅटिक फिल्म रुळली तेव्हा ते थोडं सुधारलं. आजच्या कॅमेऱ्यात ती अडचण नाही. तरी ‘सिल्हूट छान आलंय’ म्हणत काळ्या आकृत्या काढायची हौस आहेच. मला ती खुपते. वाळू पांढरी फटक जाऊ द्यावी, आकाश जळू द्यावं, पण चेहरा राखावा. नेम धरताना आवळलेला ओठ आणि हरल्यावरचं रडवेलं हसू, हे गेलं तर उरतो तो निव्वळ आकार.

खेळणारं पोर फोटोत यायलाच मुळात फार काळ गेला. निजामाचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांचा सिकंदराबादचा स्टुडिओ १८८०-९० च्या दशकांत भरात होता, पण जड कॅमेरा आणि तिपाई घेऊन लंगडीमागं धावता येत नाही. १९२५ साली लायका बाजारात आला आणि कॅमेरा हातात मावू लागला. न्यूयॉर्कच्या छायाचित्रकार हेलन लेविट यांनी १९३८ पासून दहा वर्षं रस्त्यावरची खडूची चित्रं आणि ती काढणारी मुलं टिपली. १९४३ साली तिथल्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं त्यांच्या मुलांच्या फोटोंचं प्रदर्शन भरवलं. ठिकरीची घरं पाहताना मला त्यांची आठवण येते. पण एका गोष्टीत मी त्यांच्यामागं जाणार नाही. लेविट कॅमेऱ्याला काटकोनी व्ह्यूफाइंडर लावत, म्हणजे नजर एकीकडं आणि फोटो दुसरीकडचा. आपल्याकडं त्याची गरज नाही आणि ते बरंही नाही. म्हैसूरच्या टी. एस. सत्यन यांनी आयुष्यभर मुलांचे कृष्णधवल फोटो काढले; १९७९ च्या आंतरराष्ट्रीय बालवर्षात ते न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात मांडले गेले. त्यांच्या फोटोंतली मुलं चोरून पाहिलेली वाटत नाहीत. बासरची पोरं कॅमेरा दिसला की ‘अंकल, फोटो!’ करत रांगेत उभी राहतात, दोन बोटं वर. तो फोटो आधी काढावा, त्यांना दाखवावा, शेजारी बसलेल्या आजीला विचारावं, आणि मग तिथंच बसून राहावं. हळूहळू त्यांना खेळाची ओढ कॅमेऱ्यापेक्षा जास्त वाटू लागते.

आता खोटेपणाविषयी. कृष्णधवल म्हणजे जुनं, हे आपल्या मनात पक्कं बसलंय, कारण आपलं किंवा आईबापांचं बालपण आगफा क्लिक कॅमेऱ्याच्या चौकोनी फोटोंत आहे. म्हणून आज बासरला गोट्या खेळणारं पोर कृष्णधवल केलं की पाहणारा लगेच ‘गेले ते दिवस’ म्हणतो. ते दिवस गेलेले नाहीत. ते पोर आत्ता तिथं आहे, त्याचं ऊन आत्ताचं आहे, आणि त्याच्या डोक्यावरचा लिंब पुढल्या रस्तारुंदीत राहील की नाही हाही आत्ताचा प्रश्न आहे. त्याला आपल्या आठवणीत भरती करून घेणं हा त्याच्यावर अन्याय आहे. तारीख नसलेला फोटो कसा फसवतो त्याचं नामी उदाहरण म्हणजे फ्रेंच छायाचित्रकार कार्टिए-ब्रेसाँ यांचा एक फोटो. सेव्हिल शहरात, पडक्या भिंतीच्या भगदाडातून दिसणारी खेळकर मुलं, त्यांत एक कुबड्या घेतलेला मुलगा. अनेकांना तो स्पेनच्या यादवी युद्धातला वाटतो. फोटो १९३३ चा आहे. युद्ध पेटलं १९३६ ला.

बासरपुरतं बोलायचं तर तारीख आणखीच महत्त्वाची. व्यासांनी गोदावरीतून रोज तीन मुठी वाळू आणून इथल्या तिन्ही देवी घडवल्या, अशी स्थळकथा आहे. मे महिन्यात पाणी ओसरलं की त्याच वाळूवर सकाळ-संध्याकाळ क्रिकेटच्या काठ्या रोवल्या जातात. पण वाळू किती उघडी पडणार हे एकट्या सूर्याच्या हातात नाही. खाली पोचमपाडच्या श्रीरामसागर धरणाचा फुगवटा इथवर येतो. वर धर्माबाद तालुक्यात बाभळीचा चौदा दरवाजांचा बंधारा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालाप्रमाणं त्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे राहतात आणि दर १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचं असतं. पोरांची खेळपट्टी यंदा कुठं पडेल, त्यात दोन राज्यांमधला पाण्याचा वादही आला.

म्हणून अशा फोटोखाली गाव, महिना, साल, घड्याळातली वेळ, पात्रात पाणी कुठवर होतं आणि खेळ कोणता, एवढं तरी लिहिलेलं असावं. पोरांची नावं मात्र छापू नयेत. ती त्यांच्या घरी द्यायच्या प्रतीच्या पाठीमागं, त्यांनाच विचारून, पेन्सिलीनं लिहावीत.