सुट्टी कुणाच्या वेळेतून जाते?

दर जानेवारीत आमच्यासारखी नोकरदार मंडळी कंपनीची सुट्ट्यांची यादी घेऊन बसतात. कुठला सण शुक्रवारी आलाय, कुठला मंगळवारी, मध्ये एक रजा टाकली की सलग चार दिवस कसे सुटतात, हे जमलं की उगाच हुशार झाल्यासारखं वाटतं. माझीही एक एक्सेल शीट आहे. तारखा, रजा, तिकीट, हॉटेल, जेवण, आणि शेवटचा रकाना 'रिलीज आहे का?'. वर्षातून एकदा घरच्या सगळ्यांनी मिळून कुठेतरी जायचं, एवढं ठरलेलं. सगळे म्हणजे सोयगावला शेती करणारे आई, नाना, दादा, वहिनी, तिसरीतली पुतणी, आणि पुण्यात नोकरी करणारा मी.

अशा शीटमध्ये पगारी माणसाच्या वेळेला रकाना असतो, शेतातल्या माणसाच्या वेळेला नसतो. कारण माझी रजा मोजता येते. वर्षाला इतक्या, उरल्या तर पुढच्या वर्षी इतक्या. नानांच्या रजा कुणी मोजत नाही, म्हणून त्या अमर्याद आहेत असं गृहीत धरलं जातं. 'तुम्हाला काय, तुम्ही केव्हाही येऊ शकता' हे वाक्य शेतकऱ्याच्या घरात शहरातून आलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी उच्चारलेलं असतं.

सुट्टी ही निसर्गाने दिलेली गोष्ट नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी 10 जून 1890 रोजी मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी काही वर्षं झगडून मिळवली. पगारी रजा त्याच्याही नंतरची. 1948 च्या कारखाना कायद्याने वर्षात 240 दिवस भरले की पुढे दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा दिली. म्हणजे मालक नावाचा कुणीतरी समोर असला, तर त्याच्याकडून सुट्टी मागता येते. नानांनी कुणाकडे मागायची? पोळ्याला बैलाला सुद्धा एक दिवस जुंपत नाहीत, पण त्या दिवशी त्याला धुवायला, सजवायला माणूस लागतोच.

आता दोन कॅलेंडरं शेजारी ठेवून बघा. आमचे क्लायंट अमेरिकेत, त्यामुळे नाताळ ते नवं वर्ष कोड फ्रीझ. कुणी काही हलवायचं नाही, रजा सहज मिळते. त्याच आठवड्यात सोयगावला गव्हा-हरभऱ्याला पाणी चालू असतं, आणि लाईटची पाळी रात्रीची असली तर दादा थंडीत मोटारीपाशी असतो. दिवाळीत मला चार दिवस मिळतात. तेव्हा कापसाची वेचणी ऐन भरात असते. फुटलेला कापूस झाडावर थांबत नाही. वारा आला, अवकाळी पाऊस आला की भिजला, गळाला. वेचायला बाया लावाव्यात तर किलोमागे दहा-बारा रुपये मजुरी, आणि सगळ्यांच्या शेतात एकदमच फुटतो म्हणून हव्या त्या दिवशी बाया मिळत नाहीत. जूनमध्ये मृग लागला की पेरणी, मग कोळपणी, निंदणी. खरा मोकळा काळ आखाजीच्या आसपासचा, एप्रिलचा शेवट ते मेचा मध्य. तेव्हा माझ्याकडे नव्या आर्थिक वर्षाची सगळी कामं एकदम सुरू झालेली असतात.

पैशाचंही तसंच. माझा पगार एक तारखेला येतो, म्हणून मी जानेवारीत मे महिन्याचं बजेट करू शकतो. घरी जानेवारीत अर्धा कापूस खोलीत पडलेला असतो, भाव वाढेल या आशेवर. वर्षाचं उत्पन्न किती, हे तो विकेपर्यंत ठाऊक नसतं. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर 2024 पासून 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडतं, तरी साठ दिवस आधी नक्की तारीख सांगणं हीसुद्धा पगारी माणसाचीच चैन आहे.

गंमत म्हणजे सरकारलाही 'सहल काढणारं कुटुंब' म्हणजे कोण, हे ठरवावं लागतं. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत प्रवास भत्त्यावर चार वर्षांच्या गटात दोन प्रवासांची सवलत आहे. देशातल्या देशात, तीही फक्त भाड्यापुरती. त्यात कुटुंब म्हणजे जोडीदार, मुलं, आणि अवलंबून असलेले आईवडील, भाऊ, बहीण. नाना स्वतःचं कमावतात, दादाही. वहिनी आणि पुतणी तर व्याख्येतच नाहीत. नव्या करपद्धतीत ही सवलतच नाही, म्हणजे भांडणच मिटलं.

पण तारखांचा प्रश्न तसा मिटत नाही. पैसे मी देणार, म्हणून तारीख मी ठरवणार, हे न बोलता चालत आलेलं आहे. त्यावर घरून उत्तर येतं, 'नको रे, तुम्ही मित्र मित्र जाऊन या.' या 'नको'चं काय करायचं, हा मला खरा नैतिक प्रश्न वाटतो.

न मिळणाऱ्या द्राक्षांना आंबट म्हणणारा कोल्हा आपल्याला शाळेपासून माहीत आहे. नॉर्वेच्या यॉन एल्स्टर या विचारवंताने 1983 मध्ये याच गोष्टीवरून नाव दिलेलं एक पुस्तक लिहिलं. जे शक्य नाही ते हवंसं वाटणंच माणूस कसं बंद करतो, हा त्याचा विषय. अमर्त्य सेन यांचाही असाच इशारा आहे: वर्षानुवर्षं कमी मिळालेली माणसं आपल्या इच्छाच आखूड करून घेतात, त्यामुळे 'तुम्ही समाधानी आहात ना?' एवढंच विचारून न्याय झाला की नाही ते कळत नाही.

हे पटतं, पण त्यातून लगेच 'त्यांना खरं तर जायचंच आहे, फक्त कळत नाही' असा निष्कर्ष काढणं उद्धटपणाचं आहे. नानांना बांधावर बसायला खरोखर आवडतं. उटीच्या हॉटेलात सकाळी सहाला उठून ते काय करतील, मला सांगता येणार नाही. शेत म्हणजे ऑफिस नव्हे आणि प्रत्येकाला त्यातून सुटका हवी असते असं नाही.

मग 'नको' खरं की आखूड झालेलं, हे कसं ओळखायचं? माझ्या मते प्रश्न बदलून. 'येता का?' याच्या पोटात 'म्हशीचं काय?' दडलेलं असतं, आणि उत्तर त्या दडलेल्या प्रश्नाला मिळतं. 'तुमच्या जागी घरी कुणी राहिलं, तर याल का?' असं विचारून बघावं. मी या वर्षी फोनवर तसंच विचारलं. नाना तरीही नको म्हणाले. आई थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, 'वहिनीला विचार, तिने समुद्र पाहिला नाही.'

सुट्टी जाणाऱ्याच्या पैशावर जितकी उभी असते, तितकीच राहणाऱ्याच्या वेळेवर. मुक्ताईची पालखी आषाढीच्या महिनाभर आधी मुक्ताईनगरहून निघते, म्हणजे पेरणी मागे राहणाऱ्यांच्या हाती. अजिंठ्याची लेणी आमच्याच तालुक्यात. दिवाळीच्या सुट्टीत जगभरचे लोक तिथे येतात, तेव्हा फर्दापूरच्या दुकानदारांचा खरा हंगाम असतो. त्यांची सुट्टी सोमवारी, लेणी बंद असतात म्हणून. जुन्या माहेरपणात एक गोष्ट बरी होती: आखाजीला लेक माहेरी आली की तिथली भावजय राबायची, पण तिच्याही माहेरी जायची वेळ यायची. पाण्याची पाळी असते तशी. सहकुटुंब सहलीच्या कल्पनेत ही पाळी हरवली, कारण सगळ्यांनी एकाच फोटोत दिसलं पाहिजे असं आपण ठरवून टाकलं. दुभतं जनावर असलेल्या घराला तो फोटो परवडत नाही.

हा हिशेब अजून लांबवता येतो. वेचणीला येणाऱ्या बायांना किलोवर मजुरी, म्हणजे न आलेला दिवस शून्याचा. त्यांचा रकाना माझ्या कुठल्याही शीटमध्ये बसत नाही, आणि तो कसा बसवायचा याचं उत्तर माझ्याकडे नाही.

आमच्यापुरतं या वर्षी असं ठरलंय. मेच्या पहिल्या आठवड्यात दादा, वहिनी, पुतणी आणि आई पाचोऱ्याहून रेल्वेने मुंबई आणि तिथून अलिबागला जातील. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे मुंबईपुढचा खर्च फारसा नाही. मी पाच रजा टाकून सोयगावला नानांबरोबर राहीन. मॅनेजरने कारण विचारलं तेव्हा 'फॅमिली व्हेकेशन' लिहिलं. अडचण एकच आहे. दादा म्हणतो म्हैस नव्या हाताला पान्हा सोडत नाही, त्यामुळे त्याआधी मला दोन-तीन शनिवार-रविवार गावी जाऊन तिच्यापाशी बसावं लागणार.