हद्दीबाहेरची आग

पुण्यातल्या मिळकतकराच्या बिलावर सर्वसाधारण कर, सफाई कर, शिक्षण कर अशा ओळींच्या गर्दीत ‘अग्निशमन कर’ ही एक ओळ असते. रक्कम किरकोळ. बिलाचा शेवटचा आकडा बघून उसासा टाकणाऱ्याची नजर तिथवर जातही नाही. मुंबईच्या 1888च्या महापालिका कायद्यातही सर्वसाधारण करावर अग्निशमनासाठी थोडी भर घालण्याची तरतूद आहे. या ओळीमागचा निर्णय साधा वाटतो: घराचा विमा असो वा नसो, कधी वर्दी दिली असो वा नसो, जिथे छप्पर आहे तिथून बंबाचा खर्च वसूल करायचा. पण तो जगाला सहजी सुचलेला नाही.

लंडनला त्यासाठी दोनशे वर्षे लागली. 1666च्या महाआगीनंतर विमा कंपन्या निघाल्या. त्यांनी आपापले बंबवाले पदरी ठेवले आणि विमा उतरवलेल्या घरांवर धातूचे बिल्ले ठोकले. बिल्ला नसलेले घर ते खुशाल जळू देत, अशी कथा अजून सांगितली जाते. तिला पुरावा फारसा नाही. शेजारच्या बिनविम्याच्या घरातली आग आपल्या गिऱ्हाइकाच्या भिंतीला येऊन भिडणार, हे कंपन्यांना कळत होतेच. पुढे 1833मध्ये त्यांनी एकत्र दल उभारून जेम्स ब्रेडवुडकडे सोपवले. 1861च्या जूनमध्ये टूली स्ट्रीटची गोदामे पेटली आणि पंधरवडाभर धुमसत राहिली. कोसळत्या भिंतीखाली ब्रेडवुड गेला, कंपन्यांना वीसेक लाख पौंडांचा फटका बसला, आणि हे ओझे यापुढे आम्हाला झेपणार नाही असे त्यांनी सरकारला कळवून टाकले. मग 1865च्या कायद्याने खर्च तिघांत वाटला: मालमत्ताधारकांनी करयोग्य मूल्याच्या पौंडामागे अर्धा पेनी, सरकारने आपल्या इमारतींपोटी वर्षाला 10,000 पौंड आणि विमा कंपन्यांनी दर दहा लाखांच्या विम्यामागे 35 पौंड. मला ही वाटणी आवडते. कोणाचे काय वाचते, ते तिच्यात उघडपणे मांडले आहे.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात मात्र अगदी परवापरवापर्यंत अग्निशमनाचा मोठा भार विमा हप्त्यावरच्या अधिभारातून येत असे. त्यातला पेच असा की विमा उतरवणारा शहाणा माणूस स्वतःचेही भरतो आणि न उतरवणाऱ्याचेही. हप्ता महागला की आणखी काही जण विमा सोडून देतात. 2009च्या वणव्यांत 173 माणसे गेल्यावर नेमलेल्या चौकशी आयोगाने हा अधिभार मालमत्तेवर न्यावा असे सुचवले आणि 2013पासून तसे झाले.

अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या साउथ फुल्टन या छोट्या शहराची तऱ्हा तिसरीच होती. शहराच्या हद्दीबाहेर राहणाऱ्यांनी वर्षाला 75 डॉलर भरायचे, तरच बंब मिळणार. 2010मध्ये एका घराने पैसे भरले नव्हते. दल आले, पैसे भरलेल्या शेजाऱ्याच्या शेताकडे आग सरकू नये म्हणून पाणी मारले, आणि घर जळू दिले. मालक लागतील तेवढे पैसे द्यायला तयार होता. दलाची बाजूही तर्काला धरून आहे: पेटल्यावर पैसे घ्यायचे म्हटले तर आधी कोण भरेल? नियम असा बिनचूक आणि परिणाम इतका लाजिरवाणा असेल, तर चूक नियम लावणाऱ्यांची नव्हे, मुळातल्या व्यवहाराची असते. अग्निशमन हा ज्याने त्याने विकत घ्यायचा माल नाहीच. आपण जो खर्च करतो तो जवानांनी रात्रभर तयारीत बसून राहण्याचा. ती तयारी एका घरापुरती ठेवता येत नाही.

अंदाजपत्रक करणाऱ्याला नेमके हे बसून राहणेच खुपते. वर्षाला वर्द्या किती आल्या, म्हणजे एका वर्दीला खर्च किती पडला, असा भागाकार केला की चांगले, शांत केंद्र उधळे दिसू लागते. मग पदे रिकामी ठेवायची आणि यंत्रचालक ठेकेदाराकडून घ्यायचा, हा सोपा मार्ग.

महाराष्ट्राने 2006च्या आग प्रतिबंधक कायद्यात शुल्काची वाट शोधली. नव्या इमारतीच्या मंजुरीवेळी अग्निशमन सेवा शुल्क, पुढे वार्षिक शुल्क. 2021मध्ये मुंबई महापालिकेने हे शुल्क मागच्या वर्षांपासून वसूल करायचे म्हटल्यावर एवढा ओरडा झाला की निर्णय थांबवावा लागला. वसुलीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी माझा आक्षेप उरतोच. हा पैसा नव्या बांधकामाबरोबर येतो आणि बांधकाम मंदावले की आटतो. आग मात्र जुन्या वायरिंगच्या, लाकडी जिन्याच्या, गल्लीत बंब न शिरणाऱ्या घरांना जास्त लागते. 2015मध्ये काळबादेवीच्या गोकुळ निवासाच्या आगीत मुंबई अग्निशमन दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी गेले. ती इमारत जुनीच होती.

आणि खेड्यांचे काय? 74व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा नगरपालिकांच्या कामांत घातली. पंचायतींसाठी असलेल्या अकराव्या अनुसूचीत 29 विषय आहेत. त्यांत अग्निशमन नाही. म्हणून उसाचा फड किंवा कडब्याची गंज पेटली की फोन जातो तालुक्याच्या नगरपालिकेला, साखर कारखान्याला, जवळ असेल तर एमआयडीसीला. हद्दीबाहेरच्या वर्दीला अनेक ठिकाणी वेगळा दर असतो. साउथ फुल्टनसारखे आपण कोणाला वाऱ्यावर सोडत नाही, बंब निघतो. पण पीक गेलेल्या माणसाच्या हाती नंतर बिल पडू शकते, आणि तीस किलोमीटरवरून येणाऱ्या बंबाला बहुतेकदा राखच विझवायची असते.

पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून केंद्राने 2023मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी 5,000 कोटींची योजना आणली. तिचा रोख अग्निशमन केंद्रांवर, साधनांवर आणि प्रशिक्षणावर आहे. गाडी अशी एकदाच मिळते. चालकाचा पगार दर महिन्याला लागतो. तो भागवायचा तर गावाच्या घरपट्टीतही पुण्यासारखी एक छोटी ओळ हवी आणि ती रक्कम थेट तालुक्याच्या दलाकडे वर्ग व्हायला हवी. बदल्यात हद्दीबाहेरचा दर रद्द. ग्रामपंचायती कुरकुर करतील हे दिसतेच आहे. दिवाबत्तीचे वीजबिल ज्यांना वेळेवर भरता येत नाही, त्यांना ही वसुलीही जड जाणार. तिथे लंडनच्या वाटणीतला दुसरा वाटेकरी, म्हणजे राज्य सरकार, पुढे यायला हवा. आणि तिसऱ्याला, विमा कंपन्यांना, यात बोलवायचे कोणी, हे अजून कुणी विचारलेले ऐकले नाही.